बत्तीशीरावांची बोळकी नात

आमच्या गल्लीतल्या माणसाचं वय ओळखायचं असेल, तर तो बत्तीशीरावांच्या दुकानापुढून कसा जातो ते बघावं. पोरंटोरं दात दाखवत जातात, मधल्या वयाची माणसं तोंड मिटून घाईनं जातात, आणि आमच्यासारखी पिकली पानं सरळ आत जाऊन बसतात. कारण आमचे दात आतच असतात, दुरुस्तीला.

बत्तीशीराव हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव आईबापांनी हौसेनं ठेवलंही असेल, पण गल्लीनं ते कधीच मोडीत काढलं. तो कवळ्या करतो. दातांच्या डॉक्टरांनी माप पाठवायचं, यानं त्यावरून मेणाची हिरडी घडवायची, तिच्यात दात बसवायचे, साचा ओतून, घासूनपुसून चकचकीत करून परत द्यायचं, हा त्याचा जन्मभराचा धंदा. माझी वरची आणि खालची दोन्ही त्याच्याच हातची. म्हणजे आज मी त्याच्याविषयी जे काही बोलणार आहे, ते त्याच्याच मालातून बाहेर पडणार आहे. याला कुणी कृतघ्नपणा म्हणेल. म्हणू दे. इतकी छान कवळी करून दिल्यावर माणूस गप्प बसेल ही अपेक्षाच चुकीची.

हा गडी कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नाही. तोंडात बघतो. लग्नात नवरी कशी होती विचारलं, तर म्हणणार, "वरचे पुढचे दोन जरा रुंद आहेत, पण शोभतात." एकदा नाटकाच्या मध्यंतरात खुर्चीखाली कुणाची तरी कवळी सापडली. नाट्यगृहाचा माणूस आता माइकवरून पुकारा करणार, एवढ्यात यानं ती हातात घेतली, उलटी करून बघितली आणि म्हणाला, "मोज्यांच्या दुकानाचे मालक. डाव्या बाजूनं चावतात." मोज्यांचे मालक खरोखरच पुढच्या रांगेत तोंडावर रुमाल दाबून बसले होते. शिंक आली होती म्हणे.

तर दातांच्या बाबतीत असा हा पक्का. बाकी सगळ्या बाबतींत मात्र आनंदी आनंद. दूध तापायला ठेवलं की ते उतू जाणारच, हे त्याच्या घरी इतकं ठरलेलं की मांजर आधीच येऊन ओट्याखाली बसतं. छत्री विसरतो, चष्मा विसरतो. स्वतःच्या लेकीच्या लग्नात एका पायात काळा आणि एका पायात तपकिरी बूट घालून दिवसभर हिंडला, आणि संध्याकाळी लक्षात आल्यावर म्हणाला, "तरीच सगळे खाली बघून बोलत होते. मला वाटलं, मला मान देताहेत."

ही लेक म्हणजे एकुलती एक. शहराची बस चालवते. बोलणं मोजकं, खांदे रुंद, आणि आरशात बघून मागचं सगळं टिपायची सवय, त्यामुळे बापाच्या पाठीमागं काय चाललंय हे बापाआधी तिला कळतं. जावई मालवाहू जहाजावर स्वयंपाकी आहे. महिनोन्‌महिने पाण्यावर असतो, आणि फोन केला की निम्मा समुद्रच ऐकू येतो. या दोघांना मुलगी झाली. गोरी नाही, सावळी नाही, लालबुंद, आणि हसली की तोंड असं गोल उघडायचं की आत नुसती गुलाबी हिरडी. गल्लीनं लगेच नाव ठेवलं, बोळकी. बत्तीशीची नात बोळकी. आमच्या गल्लीला कामधंदा कमी असला, तरी अशा बाबतीत ती वेळ दवडत नाही.

लेकीची रजा संपत आली, तेव्हा प्रश्न आला की दिवसा बोळकीला कोण सांभाळणार. मी त्या दिवशी दुकानातच होतो, खालची कवळी घासायला टाकली होती. म्हणजे मला बोलता येत नव्हतं, फक्त ऐकता येत होतं, आणि अशा वेळी माणसाला फार चांगलं ऐकू येतं.

"डेपोच्या मागं पाळणाघर आहे," लेक म्हणाली. "जागा मिळतेय."

"आणि मी काय मेलोय?"

"तुम्ही जिवंत आहात बाबा, म्हणून तर काळजी. तुम्हालाच बघायला माणूस लागतो."

"मी बघीन हिला. दुकान अर्ध्या दिवसावर आणतो. हल्ली काम तरी किती आहे? लोक आता हाडात खिळे ठोकून दात बसवतात."

"बाबा, माझा पहिला दात कधी आला होता?"

एरवी असल्या प्रश्नावर बत्तीशी 'आईला विचार' म्हणून मोकळा व्हायचा. पण विचारायला आता आई उरली नव्हती. "त्या वेळी मी सगळ्या शहराचे दात करत होतो," तो एवढंच म्हणाला.

"तेच म्हणतेय मी."

आणि माझी कवळी पॉलिशच्या चाकावर धरून घासायला लागला. बाबागाडीत बोळकी स्वतःच्या मुठी चोखत होती. मग लेकीनंच तोडगा काढला. "ठीक आहे. पहिला दात येईपर्यंत हिला तुमच्याकडे ठेवते. तोवर नीट जमलं, तर पुढंही तुमच्याकडेच. नाही जमलं तर पाळणाघर, आणि मग रुसून बसायचं नाही. आणि दुकानाचं दार कायम बंद. प्लास्टरचा एक कण हिच्या अंगावर दिसला तर त्याच दिवशी घेऊन जाईन."

ती गेल्यावर बत्तीशीनं माझी कवळी हातात दिली, पण सोडेना. म्हणाला, "आजवर सगळ्यांचे दात मी जाण्याच्या बाजूनं बघितले. एकदा येण्याच्या बाजूनं बघायचंय." मी म्हटलं, बघ बाबा, पण आधी माझे सोड.

आणि खरं सांगतो, त्यानं कंबर कसली. दुकान आणि घर यांच्यामधल्या दाराला कडी लागली. कामाचा अंगरखा दुकानातच काढून, कोपरापर्यंत हात धुऊन मगच तो आत जायचा. बोळकीचं दूध उतू जाऊ नये म्हणून चुलीसमोर असा उभा राहायचा, जणू ते पळून जाणार आहे. मांजरानं आठवडाभर वाट बघितली आणि शेवटी दुसरं घर धरलं.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानावर एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचा दवाखाना आहे. बत्तीशी त्यांची मापं आणतो, कवळ्या पोचवतो. वयानं त्याच्या लेकीएवढ्या, पण तो त्यांना मान देतो. त्यांना जाऊन त्यानं विचारलं, "दात यायच्या आधी काय करायचं असतं?" उभ्या जन्मात त्यानं हा प्रश्न कुणाला विचारला नव्हता. त्यांनी सांगितलं, की दूध पाजून झालं की स्वच्छ मऊ फडकं ओलं करून बोटाला गुंडाळायचं आणि हिरड्या हलकेच पुसायच्या. बाळाला तोंडात बोट घालू द्यायची सवय होते, मग पुढं ब्रश बघून ते किंचाळत नाही. बत्तीशी हे इतक्या मन लावून करायचा, की बोळकीला वाटायचं हा जेवणाचाच भाग आहे. दूध संपलं की ती आपणहून तोंड वासायची.

मग लाळ सुरू झाली. लाळ म्हणजे काय, नळ गळावा तशी. दिवसाला ढीगभर लाळेरी भिजायची, दोरीवर नुसती लाळेऱ्यांची माळ. हनुवटीवर पुरळ आलं. बत्तीशी खसाखसा पुसायचा, तर लेकीनं हात धरला, "टेबल पुसताय का? टिपायचं, घासायचं नाही." शिवाय दिसेल ते तोंडात. सदऱ्याची बाही, बाबागाडीचा पट्टा, माझी काठी. एकदा शेजारच्या सलूनवाल्याचं नाक.

"आला," बत्तीशीनं गल्लीत जाहीर केलं. "सोमवारपर्यंत खालचा मधला दिसेल. मी हिरडी ओळखतो."

झालं. गल्लीला नवा उद्योग मिळाला. आणि सल्ले तर काय, फुकट असले की पोत्यानं येतात. किराणावाली वहिनी मधाची बाटली घेऊन आली, म्हणे हिरडीला चोळा. सलूनवाला म्हणाला, औषधाच्या दुकानात बधिर करायचा मलम मिळतो, त्याच्या भाच्याला लावला होता. बत्तीशी सगळं घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेला आणि हात हलवत परत आला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात द्यायचा नाही, आणि तो बधिर करणारा मलम तर लहान बाळाला धोक्याचा. त्यांनी एवढंच सांगितलं, की स्वच्छ बोटानं हिरडी चोळा, नाहीतर चघळायला मऊ रबराची कडी द्या, फ्रीजमध्ये गार केलेली, बर्फात गोठवलेली नव्हे.

"रबराची?" बत्तीशी मला म्हणाला. "माझ्या नातीनं बाजारातली कडी चघळायची? मी कशाला आहे मग?"

आणि इथंच त्याच्यातला कारागीर उफाळून आला. त्यानं दोन दुपारी खर्चून कवळीच्या गुलाबी मालाची एक कडी घडवली. काय सांगू तुम्हाला, दागिना होता दागिना. बाहेरून गुळगुळीत, आतून बोट बसेल अशी खोलगट, आणि रंग असा की सगळी हिरडीच हातात घेतल्यासारखं वाटावं. गल्लीतल्या प्रत्येकाला त्यानं ती दाखवली. शेवटी सलूनमध्ये बोळकीच्या हातात दिली. तिनं ती निरखली, तोंडापाशी नेली, आणि अशी भिरकावली की सलूनवाल्याच्या आरशावर जाऊन आदळली. आरसा फुटला नाही, पण कडीचा टवका उडाला.

दवाखान्यात जाता जाता थांबलेल्या डॉक्टरीणबाईंनी तो टवका उचलून त्याच्या तळहातावर ठेवला. "काका, हा तिच्या घशात गेला असता तर? हा माल म्हाताऱ्या माणसांच्या हिरडीवर बसवायला असतो, बाळानं चावायला नाही."

बत्तीशीनं रबराची कडी आणली. बोळकीनं तिच्याकडेही ढुंकून बघितलं नाही. तिला आवडलं काय, तर पाण्यात भिजवून गार केलेल्या पंच्याचं टोक. ते ती तासन्‌तास चघळत बसायची, एखाद्या निवृत्त न्यायाधीशासारखी, गंभीर चेहऱ्यानं.

सोमवार आला आणि गेला. दात काही आला नाही. "बुधवार," बत्तीशी म्हणाला. बुधवारही गेला. रोज सकाळी सलूनवाला दुकान उघडता उघडता ओरडायचा, "काय बत्तीशीराव, माल आला का?" आणि हा म्हणायचा, "वाटेत आहे." नववा महिना लागला तरी हिरडी जशीच्या तशी. गल्लीत कुजबूज सुरू झाली, की बोळकी आजोबांच्या धंद्याचा विचार करून बिनदाताचीच राहणार. ही कुजबूज कुणी सुरू केली ते मी सांगणार नाही. चांगली होती एवढंच म्हणतो.

मग तो गुरुवार आला.

लेक पहाटेच्या पाळीला जाताना बोळकीला सोडून गेली, तेव्हा पोर जरा किरकिरत होती. नऊच्या सुमाराला ती रडायला लागली. साधं रडणं नव्हे, ताणून ताणून रडणं. बाटली तोंडाला लावली की दोन घोट घेऊन मान फिरवायची आणि किंकाळी फोडायची. अंग तापलेलं. सारखा डाव्या कानाकडे हात. मी गेलो, सलूनवाला आला, वहिनी आली. बत्तीशीच्या चेहऱ्यावर मात्र काळजी होती तितकाच आनंदही. "दात," तो म्हणाला. "आज फुटतोय. जबडा दुखतो ना, तो कानापर्यंत जातो. माझी गिऱ्हाइकं नाही का सांगत, दाढ ठणकली की कान ठणकतो म्हणून?"

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. दातांच्या बाबतीत बत्तीशी बोलला म्हणजे संपलं. न्हाणीघर का गळतं हे त्यानं सांगितलं असतं, तर आम्ही निदान शंका तरी काढली असती.

शेवटच्या थांब्यावर सुट्टी असते तेव्हा लेकीचा फोन आला. "कशी आहे?"

"छान आहे. म्हणजे रडतेय, पण छान आहे. दात येतोय. तू निवांत गाडी चालव."

"ताप आहे का?"

"दाताचा आहे."

तिनं फोन ठेवला. गाडी चालू असताना ती फोन बंद ठेवते, नियमच आहे तसा. इकडे पोर आणखी तापली. बत्तीशीच्या डोक्यात एकच, की पहिला दात फुटताना डॉक्टरीणबाईंनी बघायला हवा. त्यानं बोळकीला बाबागाडीत घातलं, मला म्हणाला, चल, आणि आम्ही निघालो. म्हणजे बघा, तो औषधासाठी निघाला नव्हता. मिरवायला निघाला होता.

डॉक्टरीणबाईंनी हात धुतले, बोट फिरवलं, दिवा धरून बघितलं. मग काचेचा नळकांड्यासारखा तापमापक नव्हे, तो बगलेत धरायचा आवाज करणारा, तो लावला. आवाज झाला. आकडा बघून त्यांचा चेहरा बदलला.

"काका, हिरडी तर शांत आहे."

"आतून येत असेल."

"येईल, तेव्हा येईल. दात येताना अंग जरा कोमट होतं, बाळ किरकिर करतं. एवढा ताप दातानं येत नाही. आणि ही कान धरतेय. तुम्ही आत्ता बाळांच्या डॉक्टरांकडे जा. मी फोन करून ठेवते."

"पण दाढ दुखली की कान—"

"हिला दाढ आहे का, काका?"

बत्तीशीनं पोरीला उचलून बाबागाडीत ठेवलं. त्याला इतक्या वर्षांत दातांवरून हार मानताना मी पहिल्यांदाच बघितलं. एरवी मी हा प्रसंग चवीनं सांगितला असता, पण त्याच्या हातांकडे माझं लक्ष गेलं. केसाएवढी रेघ मेणात कोरणारे ते हात, त्यांना बाबागाडीचा पट्टा लावता येत नव्हता. मीच लावला.

बाळांच्या डॉक्टरांनी कानात दिवा घालून बघितलं आणि एका वाक्यात निकाल दिला. कान आतून लाल झालाय, सूज आहे, औषध लिहून देतो, आज आणलंत हे बरं केलंत. आणखी थांबला असतात तर पोरीला फार त्रास झाला असता. तापाचं पहिलं औषध तिथंच दिलं. थोड्या वेळानं बोळकीनं बाटलीही घेतली, आणि दमून बाबागाडीत झोपली.

दवाखान्याबाहेर आम्ही उभे. समोरच बसथांबा, लेकीच्याच मार्गावरचा. मी सलूनवाल्याला फोन करून बातमी दिली. देणं भागच होतं, नाहीतर माझं पोट दुखलं असतं. तो म्हणाला, "त्याला म्हणावं, लेकीला आत्ता सांगू नको. पोर झोपलीय, औषध सुरू झालंय. संध्याकाळी आली की सांगायचं, दातही येतोय आणि कानही जरा धरलाय. हळूच. एका वाटीत दोन्ही घालायचं."

सल्ला वाईट नव्हता. मी स्वतः तो अनेकदा वापरला आहे. पण बत्तीशी म्हणाला, "सकाळी तिला मी खात्रीनं सांगितलंय. ती ते खरं धरून गाडी चालवतेय."

"संध्याकाळी सांग," मी म्हटलं.

"संध्याकाळपर्यंत ते खोटं होत जाईल."

"अरे, पाळणाघरात घालेल ती पोरीला. दात यायच्या आतच हरशील."

"माहितीय," तो म्हणाला, आणि थांब्यावर जाऊन उभा राहिला.

बस आली. पुढचं दार उघडलं. लेकीनं बापाला बघितलं, बाबागाडी बघितली, आणि हँडब्रेक ओढून गाडी उभी ठेवली. बत्तीशी पायरीवर चढला. मागं सगळी बस कान टवकारून बसलेली.

"काय झालं?"

"ताप वाढला. डॉक्टरांना दाखवलं. कान सुजलाय. औषध दिलं, दूध घेतलं तिनं, आता झोपलीय."

"सकाळी तुम्ही काय म्हणाला होतात?"

"दात म्हणालो होतो."

"आणि?"

"दात नव्हता. मी चुकलो. मला दातच दिसत होता."

मागून एक आजीबाई म्हणाल्या, "अगं, असतं असं. आमच्या धाकट्यालाही—"

"आजी, बसून घ्या," लेक आरशात बघत म्हणाली. मग बापाला म्हणाली, "घरी जा. तिला ऊन लागू देऊ नका. पाळी संपली की येते." आणि दार बंद झालं. एका प्रवाशानं विचारलं, गाडी निघणार का. गाडी निघाली.

दुसऱ्या दिवसापासून लेकीनं रजा टाकली आणि पोरीला स्वतःच्या घरी ठेवलं. बत्तीशी रोज संध्याकाळी जाऊन कान कसा आहे विचारून यायचा. बसा म्हटलं तर बसायचा, चहा दिला तर प्यायचा, आणि पुढचं काही विचारायची त्याची हिंमत व्हायची नाही. दुकान आता पूर्ण दिवस उघडं राहायचं, पण कामात राम नव्हता. त्या आठवड्यात त्यानं एका शाळामास्तरांची कवळी अशी केली, की मास्तर रागावले तरी हसल्यासारखे दिसायचे. मुलांना फार आवडली. मास्तर ती परत घेऊन आले.

आणि मग एका सकाळी लेक बाबागाडी ढकलत आली. अंगावर कामाचा गणवेश. आम्ही दोघंतिघं दुकानाच्या पायरीवर होतो. आम्ही उठायला हवं होतं, हे मला मान्य आहे. कुणी उठलं नाही.

"परवा चमच्यानं बटाटा भरवत होते," ती म्हणाली. "कुस्करलेला. चमचा टक् करून वाजला."

बत्तीशी उभा राहिला. अंगरखा काढून टाकला, हात धुऊन आला, बाबागाडीपुढे गुडघे टेकून बसला. बोळकीनं त्याला ओळखून सवयीनं तोंड वासलं. खालच्या हिरडीत, मधोमध, तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. त्यानं बोट फिरवलं नाही, नुसता बघत राहिला. जेवढा वेळ तो कुणाच्या अख्ख्या बत्तीशीकडे बघतो, त्याहून जास्त.

"डावा," तो शेवटी म्हणाला. "सरळ आलाय." मग उठून म्हणाला, "मी नव्हतो तेव्हा."

"हो."

"ठरल्याप्रमाणे झालं. पाळणाघराची जागा आहे अजून?"

"आहे. काल जाऊन बघून आले. स्वच्छ आहे. बाया प्रेमळ आहेत, खेळणी धुतलेली. मी त्यांना विचारलं, पोरीला ताप आला आणि तुमचा अंदाज चुकला, तर मला कसं कळवाल? तर म्हणाल्या, आमचा अंदाज चुकत नाही, इतकी वर्षं झाली."

"मग चांगलंय की."

"बाबा, जो ड्रायव्हर म्हणतो मी कधी चुकत नाही, त्याच्या गाडीत मी बसत नाही." तिनं खांद्यावरच्या पिशवीतून एक चिमुकला ब्रश काढला, मऊ केसांचा, आणि पेस्टची लहान नळी. "दिवसातून दोनदा. रात्री मी घासीन, सकाळी तुम्ही. पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, त्याहून जास्त नाही. चमचा तुम्ही चाखून तिला द्यायचा नाही. बाटली तोंडात ठेवून झोपवायचं नाही. आणि ताप आला तर आधी डॉक्टर, दात मागाहून. चुकलात तर सांगायचं. बस अडवली तरी चालेल, पण थांब्यावरच अडवा, नाहीतर मला मेमो येतो."

तिनं बापाच्या हातात ब्रश दिला, बोळकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पाळीला गेली. बत्तीशी ब्रशाकडे बघत होता. सलूनवाला म्हणाला, "आता तरी गिऱ्हाईक पक्कं झालं म्हणायचं." बत्तीशी एव्हाना आत जाऊन दुकानाच्या मधल्या दाराला कडी घालत होता.

हल्ली आमच्या गल्लीत कुणाच्या बाळाला ताप आला आणि कुणी चुकून म्हणालं की दात येत असतील, तर बत्तीशी दुकानातून ताडकन बाहेर येतो. "सगळ्या जगाचा ताप दातांवर ढकलू नका," म्हणतो. "दातांना स्वतःचे उद्योग पुष्कळ आहेत. दवाखान्यात न्या." किराणावाली वहिनी तर त्याला घाबरून आपल्या भाचीला नुसती शिंक आली तरी दवाखाना गाठते.

परवा सकाळी तो सलूनमध्ये आला. मी दाढीला बसलो होतो, तोंडाला फेस. त्यानं आपली तर्जनी आमच्या नाकासमोर धरली. बोटावर खाली दोन आणि वर एक अशा तीन लालभडक खुणा.

"घासताना चावली," तो म्हणाला. एवढी ऐट मी त्याच्या चेहऱ्यावर कधी बघितली नव्हती. "वरचा काल आला. मी होतो समोर. जरा कललाय, पण खालच्यावर बरोबर बसतोय, बघ ठसा."

सलूनवाल्यानं वस्तरा बाजूला ठेवून ठसा बघितला. "दुखतंय का?"

"दुखणारच," बत्तीशी म्हणाला. "अस्सल आहेत."